झाकलेला शाफ्ट आणि चाळिशीपुढचे शरीर

वाचकहो, मोटारसायकलची चेन ही मोठी बोलकी वस्तू आहे. सैल पडली की ती झाकणावर खडखड आपटते, कोरडी पडली की करकरते, आणि पावसाळ्यात चार दिवस दुर्लक्ष केले तर तांबूस गंज चढवून आपले दुखणे चारचौघांना दाखवते. चेन कधी ताणायची, तिला तेल कधी द्यायचे, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही; आवाज ऐकून शेजारीही सांगतो. ज्यांच्या घरी बजाजची चेतक होती त्यांना ही कटकटही ठाऊक नसेल. त्या स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाच्या कुशीतच बसवलेले असे आणि गिअरमधून शक्ती थेट चाकाला मिळे.

या दोहोंहून वेगळी अशी एक तिसरी जात आहे. तिच्यात चेनही नसते आणि इंजिन चाकाला चिकटलेलेही नसते. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, बंद नळीच्या आत फिरत असतो. ट्रकच्या किंवा एस.टी.च्या पोटाखाली लांबलचक दांडा फिरताना आपण पाहिला असेल. त्याचेच हे धाकटे भावंड. भारतात अशा मोटारसायकली क्वचितच दिसतात. मी गेली पंचवीस वर्षे इंग्लंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात कुटुंबवैद्य म्हणून काम करतो. येथे त्या अजून बऱ्याच दिसतात, आणि त्यांतली एक माझ्याकडे आहे. १९८३ सालची बीएमडब्ल्यू, आर ८० आरटी. इंजिन सुमारे आठशे सीसीचे, ताकद पन्नास अश्वशक्तीची, वजन दोनशे तीस किलोंच्या आसपास. आजच्या मानाने ती ना वेगवान, ना हलकी. तरीही आपल्या आरोग्याविषयी जे मला रोज दवाखान्यात सांगावे लागते, ते या गाडीने जितके स्पष्ट करून दाखवले तितके दुसऱ्या कशाने क्वचितच दाखवले असेल. म्हणून हा लेख.

नळीच्या आत काय असते?

या रचनेचा इतिहास थोडक्यात सांगतो. बीएमडब्ल्यू ही कंपनी मुळात विमानांची इंजिने बनवणारी. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीला विमानांची इंजिने बनवण्यास बंदी केली, तेव्हा कंपनीला दुसरा धंदा शोधावा लागला. मॅक्स फ्रिझ या अभियंत्याने १९२३ मध्ये आर ३२ ही मोटारसायकल उभी केली. तिच्या इंजिनाचे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे बाहेर आलेले होते. त्यामुळे दोघांनाही वाहता वारा सारखाच लागे आणि दोन्ही थंड राहत. इंजिनाचा मुख्य दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने असल्याने त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सच्या मागे शाफ्ट, अशी सरळ ओळ लागली. चेनची गरजच उरली नाही. माझ्या गाडीत साठ वर्षांनंतरही मांडणी मूलतः तीच आहे. पुढे इटलीच्या मोटो गुझ्झीने आणि जपानच्या होंडानेही आपापल्या काही गाड्यांना शाफ्ट दिला.

माझ्या गाडीत चार ठिकाणी चार वेगळी तेले असतात. इंजिनात सव्वादोन लिटर, गिअरबॉक्समध्ये पाऊण लिटरहून थोडे अधिक, शाफ्टच्या नळीत जेमतेम दीडशे मिलिलिटर आणि मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीत साधारण पाव लिटर. या पेटीत शाफ्टची गती काटकोनात वळून चाकाला मिळते. पेटी आणि चाक एकमेकांना जोडलेले असतात ते बारीक दात्यांनी: एकावर कोरलेले दाते दुसऱ्याच्या खोबणीत बसतात. गिअरबॉक्स आणि क्लच यांच्या मध्येही अशीच दात्यांची जोडणी आहे.

हे सगळे झाकलेले असते. धूळ, पाऊस, चिखल आत जात नाही. म्हणूनच शाफ्टची गाडी म्हणजे 'काही बघावेच लागत नाही अशी गाडी', असा समज पसरला आहे. विकणारे तो मोठ्या उत्साहाने सांगतात आणि घेणारे आनंदाने ऐकतात.

तो समज अर्धाच खरा आहे. चेनला दर काही शे किलोमीटरला हात लावावा लागतो, शाफ्टला नाही. पण त्या दात्यांवरचे ग्रीस वर्षानुवर्षे कोरडे होत जाते. कोरडा दाता झिजतो, झिजता झिजता करवतीच्या दात्यासारखा टोकदार होतो, आणि या सगळ्या काळात गाडी उत्तम चालते. आवाज नाही, धूर नाही, ॲव्हरेज तेच. मग एके दिवशी चढावर दाते साफ सुटतात. इंजिन चालू असते, गिअर पडलेला असतो, शाफ्ट फिरत असतो आणि गाडी मात्र जागची हलत नाही. मालक म्हणतो, "काल सायंकाळपर्यंत काहीच त्रास नव्हता हो!"

वाचकहो, हे वाक्य मी माझ्या खुर्चीत बसून किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

बोलकी दुखणी आणि मुकी दुखणी

आपल्या शरीराचेही काही भाग चेनसारखे आहेत. दात दुखला की रात्रभर झोपू देत नाही, गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पोट बिघडले तर घरभर बातमी होते. या दुखण्यांकडे आपण वेळेवर लक्ष देतो, कारण ती लक्ष द्यायला भाग पाडतात.

पण उच्च रक्तदाब शाफ्टच्या जातीचा आहे. डोके दुखले म्हणजे रक्तदाब वाढला आणि डोके दुखत नाही म्हणजे तो ठीक आहे, ही समजूत घरोघरी आढळते. ती चुकीची आहे. बहुसंख्य लोकांना वाढलेला रक्तदाब जाणवतच नाही. मधुमेहाची पहिली काही वर्षे अशीच निमूट जातात. मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर आले तरी माणूस हिंडता-फिरता असू शकतो. हृदयाची लय बिघडून नाडी अनियमित झाली, तरी कित्येकांना तिचा पत्ता नसतो. रक्तवाहिन्यांच्या आत दाते झिजत असतात आणि बाहेरून गाडी उत्तम चाललेली असते.

मग उपाय काय? गाडीच्या बाबतीत उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे: तक्रार नसताना उघडून पाहणे. मी हिवाळ्यात मागच्या पेटीचे तेल काढतो. तळाच्या बोल्टच्या टोकाला चुंबक असते. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप दिसला तर ती नित्याची झीज; चिंता नाही. चमकणारे कण किंवा कपचे दिसले तर आत काहीतरी तुटते आहे. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे, आणि या गाड्यांत बहुधा ते स्पीडोमीटरच्या केबलवरील रबरी टोपी तडकल्याने शिरते. टोपी अगदी स्वस्तातली, गिअरबॉक्स मात्र महाग. चाक काढले की दाते पुसून त्यांचा आकार पाहायचा आणि नवे ग्रीस लावायचे. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहायचे. एकदा पाहिलेल्या लेपापेक्षा मागच्या पाच वर्षांची नोंद अधिक सांगते.

तुमच्या रक्ताच्या अहवालाचेही असेच आहे. एकदा मोजलेली साखर किंवा एकदा घेतलेला रक्तदाब म्हणजे एका दिवसाचे छायाचित्र. दरवर्षीचे आकडे एका वहीत एकाखाली एक लिहिले की उतार दिसतो की चढ, हे कुणालाही कळते. अशी वही प्रत्येक घरात असावी, आणि ती औषधांच्या डब्यातच ठेवावी, म्हणजे हाताला सापडते.

चाळिशीचा उलटा न्याय

इंग्लंडच्या कायद्यात एक गंमत आहे. येथे तीन वर्षांहून जुन्या वाहनाला दरवर्षी एमओटी नावाची सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, सांगाडा सगळे पाहिले जाते. पण वाहन चाळीस वर्षांचे झाले आणि त्याच्या मूळ रचनेत मोठे फेरफार केलेले नसले, तर २०१८ पासून त्याला या तपासणीतून सूट मिळते. रस्त्याचा करही माफ होतो. माझी गाडी या सवलतीला पात्र झाली आहे. म्हणजे जितकी जुनी, तितकी तिच्याकडे पाहणारी सरकारी नजर कमी.

माणसाच्या बाबतीत तीच यंत्रणा नेमके उलटे करते. चाळिशी उलटली की येथील राष्ट्रीय आरोग्यसेवेकडून दर पाच वर्षांनी तपासणीचे निमंत्रण येते. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या आणि आधीपासून हृदयविकार, मधुमेह यांसारखे निदान नसलेल्या सर्वांसाठी ते असते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, मधुमेहाचा धोका एवढेच पाहतात. अर्ध्या तासाचे काम. भारतात तर सरकारी कार्यक्रमात तिशीपासूनच रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची, तसेच स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. आपल्या लोकांत रक्तदाब आणि मधुमेह लवकरच्या वयात गाठतात, त्यामुळे तिशीचा हा आकडा योग्यच आहे.

मराठीत जवळचे वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. चाळिशी लागली की माणूस निमूटपणे दुकानात जाऊन चष्मा आणतो, कारण वर्तमानपत्र दिसेनासे होते. न दिसणाऱ्या गोष्टींसाठी मात्र तोच माणूस पाच वर्षे पाय घासतो. मी माझ्या गाडीची एमओटी सूट असूनही दरवर्षी करून घेतो. परक्या माणसाने परक्या नजरेने पाहिलेले बरे असते. मालकाची नजर प्रेमाने आंधळी होते. ही गोष्ट गाडीला लागू आहे आणि घरच्या माणसांनाही.

पुलावरची नाडी

यॉर्कशरच्या डोंगररांगा जेथे उतरतात तेथे कर्बी लॉन्सडेल नावाचे छोटे गाव आहे. तेथे ल्यून नदीवर डेव्हिल्स ब्रिज हा जुना दगडी पूल आहे. रविवारी त्याच्याजवळ आसपासच्या भागातले मोटारसायकलस्वार जमतात, चहा पितात, एकमेकांच्या गाड्यांभोवती फेऱ्या मारतात. मीही अधूनमधून जातो. तेथे एक ओळखीचा गृहस्थ भेटत असे. वय एकसष्ट, घरांची छपरे घालण्याचा व्यवसाय करून निवृत्त झालेला. त्याच्याकडे इटालियन शाफ्टची गाडी आणि देखभालीची इतकी नीटस वही, की मी तिच्यावरूनच माझी वही आखली. त्याच्या परवानगीनेच पुढचे लिहितो.

एका रविवारी बोलता बोलता तो म्हणाला, की गुरुवारी सकाळी डाव्या हाताने क्लच दाबताच येईना. हातातला कपही पडला. बायको म्हणाली, बोलणे जड येते आहे. पाव तासाने सगळे पूर्ववत झाले. "थंडीने झाले असेल," असे म्हणून तो हसला आणि चाळीस किलोमीटर गाडी चालवत पुलापर्यंत आला होता.

मी त्याचे मनगट हातात घेतले. नाडी अनियमित होती: दोन ठोके जवळ, एक लांब, मग तीन भराभर, कसलाही ठरलेला ताल नाही. मी त्याला गाडीची किल्ली मागितली. तो रागावला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि किल्ली त्याने दिली. त्याची गाडी दुसऱ्या मित्राने घरी पोहोचवली आणि तो त्याच दुपारी रुग्णालयात गेला. त्याला गुरुवारी झाला होता तो अल्पकाळ टिकणारा पक्षाघाताचा झटका. मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह काही मिनिटे अडून मोकळा झाला होता. ईसीजीत हृदयाची लय बिघडल्याचे दिसले, रक्तदाबही बराच वाढलेला निघाला. आरोग्य तपासणीची निमंत्रणे त्याच्या घरी आली होती; ती गाडीच्या बिलांबरोबर एका खणात, न उघडलेली, व्यवस्थित लावून ठेवलेली होती.

येथील नियमाप्रमाणे अशा झटक्यानंतर एक महिना वाहन चालवता येत नाही. तो महिना त्याने पाळला. रक्त पातळ ठेवणारी आणि रक्तदाबाची औषधे सुरू झाली. आता तो पुन्हा गाडी चालवतो, आणि आपल्या वहीत तेलाच्या रकान्याशेजारी रक्तदाबाचा रकाना ठेवतो.

यातून दोन गोष्टी आपण प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. पहिली: चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात किंवा पाय अचानक दुबळा होणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे तर ते साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातला प्रत्येक तास मोलाचा असतो. लक्षणे आपोआप गेली तरी जावेच, कारण पुढचे काही दिवस खऱ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो. दुसरी: घरातल्या ज्येष्ठांची नाडी महिन्यातून एकदा अर्धा मिनिट धरून पाहावी. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवायची. वेग मोजता आला नाही तरी चालेल. ताल एकसारखा आहे की नाही एवढे पाहावे. ताल नसेल तर ईसीजी काढून घ्यावा.

सावकाश चालवण्याचे शास्त्र

जुनी शाफ्टची गाडी चालकाला आणखी एक शिस्त लावते. रेस दिली की शाफ्टच्या फिरण्याच्या रेट्याने गाडीचा मागचा भाग किंचित वर उचलला जातो आणि रेस सोडली की खाली बसतो. वळणाच्या मध्यावर घाबरून रेस एकदम सोडली, तर झुकलेली गाडी आणखी खाली बसते आणि जमिनीपासूनचे अंतर कमी होते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा आणि वळणात हलकीशी रेस कायम ठेवायची. हॉझहून बटरटब्जच्या घाटाने पलीकडच्या खोऱ्यात उतरताना एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्येच रस्त्यावर बसलेल्या मेंढ्या असतात. तेथे ही शिस्त फार उपयोगी पडते. पन्नाशीपुढे प्रतिक्षेप मंदावतात. ज्याचा निर्णय आधीच झालेला असतो, त्याला प्रतिक्षेपांवर कमी विसंबावे लागते.

शरीराच्या अंगानेही काही पथ्ये मी पाळतो. मेन स्टँडवर गाडी चढवताना कंबर वाकवून ओढत नाही. पाठ सरळ ठेवून पायाने सगळे वजन स्टँडच्या पट्टीवर देतो. गाडी आपण होऊन मागे सरकते. घरात गॅसचे सिलिंडर किंवा पाण्याची बादली उचलतानाही भार पायांवरच घ्यावा. कानांत बोळे घालतो, कारण ताशी शंभर किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो आणि त्याने गेलेले ऐकू येणे परत येत नाही. दर तासाला थांबतो, मान आणि बोटे मोकळी करतो, पाणी पितो. झोप अपुरी झाली असेल त्या दिवशी किल्लीला हात लावत नाही.

थांबायचे केव्हा?

हा प्रश्न मला घरी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गाडीचे दाते झिजले तर नवे बसवता येतात. या गाडीचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात. चालकाचे सुटे भाग मिळत नाहीत. येथील कायदा सत्तराव्या वर्षापर्यंत परवान्याच्या नूतनीकरणासाठी प्रकृतीविषयी फारसे विचारत नाही. म्हणजे निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा. पण ज्याला आवड आहे त्याच्याच हाती निर्णय असला, की तो पुढे ढकलला जातो. वाहन चालवणे असो, एकट्याने राहणे असो की शिडीवर चढून पंखा पुसणे असो, आपल्या वडीलधाऱ्यांशी हे बोलणे आपण फार उशिरा करतो. बहुधा ते पडल्यानंतर.

म्हणून मी माझ्या अटी धडधाकट असतानाच लिहून ठेवल्या आहेत. पहिली: वीस मीटरवरची नंबरप्लेट चष्म्यासह स्वच्छ वाचता आली पाहिजे, कायद्याचीही ती अट आहे. दुसरी: गाडी मेन स्टँडवर एकट्याने चढवता आली पाहिजे. तिसरी: दोन्ही पायांवर, आळीपाळीने, दहा सेकंद तोल सांभाळून उभे राहता आले पाहिजे. चौथी: चक्कर, छातीत दुखणे किंवा क्षणभर शुद्ध हरपणे यांपैकी काहीही घडले, तर कारण सापडेपर्यंत गाडी बंद. दर वाढदिवसाला या चारही गोष्टी पाहायच्या आणि निकाल पत्नीने वहीत लिहायचा. एका जरी अटीत नापास झालो, तर गाडी त्या वर्षी विकायची, आणि त्यावर वाद घालायचा नाही. त्या पानाखाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

आपल्या घरी मोटारसायकल नसेल. पण चाळिशी ओलांडलेले कुणी ना कुणी असेलच, आणि 'मला काही त्रास नाही' असे म्हणणारेही त्यांच्यातच कुणी असेल. या आठवड्यात त्यांचा रक्तदाब मोजा, नाडी धरून पाहा, रक्तातली साखर तपासून घ्या, आणि तिन्ही नोंदी तारखेसह एका वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वर्षीच्या नोंदीसाठी त्याखाली जागा मोकळी सोडा.